‘सेन्शू’ म्हणजे नेमका कुठला आठवडा? : कंपवाताचं स्केल जपानीत आणताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताई पुण्यात जपानी भाषांतराचं काम करतात, एन-वन, म्हणजे जपानीची सगळ्यांत वरची परीक्षा, झालेल्या आहेत. एका औषधाच्या चाचणीसाठी कंपवाताच्या (पार्किन्सन्सच्या) रुग्णांची इंग्रजी प्रश्नावली आणि डॉक्टरांनी करायच्या तपासणीचं स्केल त्यांच्याकडे जपानी करायला आलंय. भाषांतर झालं. दुसऱ्या व्यक्तीने ते उलट इंग्रजीत आणलं, तेही मुळाशी जवळजवळ शब्दाला शब्द जुळलं. ‘मग काम संपलं ना?’ असं त्या विचारतात.

नाही, आत्ता कुठे सुरू झालं. शब्द जुळलेत, आकडा जुळलाय की नाही ते अजून कोणालाच माहीत नाही.

आधी एक खात्री करून घ्या. तुमच्या हातातलं स्केल एमडीएस-यूपीडीआरएस असेल, तर काम आजच थांबवा. कंपवातासाठी जगभर सगळ्यांत जास्त वापरलं जाणारं हे स्केल. मूळ यूपीडीआरएस १९८७ चं. त्याची सुधारलेली आवृत्ती मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटीने २००८ मध्ये आणली आणि तिचे हक्क सोसायटीकडे आहेत. अधिकृत जपानी आवृत्ती २०१४ मध्येच प्रसिद्ध झाली आहे, ३६५ जपानी भाषक रुग्णांवर तपासून. तिच्याऐवजी आपलं घरगुती भाषांतर वापरलं तर त्या चाचणीतले आकडे कोणी ग्राह्य धरणार नाही. ही चूक मी एकदा नाही, तीनदा पाहिलीय. ग्राहकाने ‘आमच्याकडे जपानी नाही’ म्हटलं म्हणजे जगात नाही असं होत नाही.

तुमच्या प्रश्नावरून वाटतं की स्केल दुसरं आहे, त्याची जपानी आवृत्ती अजून निघालेली नाही. तसं धरून पुढे लिहिते. उदाहरणं मात्र बरीचशी एमडीएस-यूपीडीआरएसची देईन, कारण ते तुम्हाला उघडून बघता येईल. त्याचे चार भाग आहेत आणि सगळ्या मिळून ६५ नोंदी. प्रत्येक नोंद ० ते ४. शून्य म्हणजे काही नाही, चार म्हणजे ते काम जमतच नाही. पहिल्या भागात मन, झोप, वेदना वगैरे. दुसऱ्यात रोजची कामं. तिसऱ्यात डॉक्टर प्रत्यक्ष तपासतो. चौथ्यात औषधामुळे होणारे चढउतार. पहिल्याचा काही भाग आणि दुसरा पूर्ण भाग रुग्ण स्वतः भरतो, किंवा घरचं माणूस, किंवा दोघं मिळून. कोणी भरलं याची खूण करायला वर चौकट असते.

आता उलट भाषांतर का फसवतं ते सांगते. वेदनेच्या प्रश्नात इंग्रजीत ‘टिंगलिंग’ असा शब्द आहे, आपल्या मुंग्या येणं किंवा झिणझिण्या. जपानीत सहज येणारा शब्द ‘शिबिरे’. उलट करणारा तो परत ‘टिंगलिंग’ किंवा ‘नंबनेस’ करतो आणि सगळे खूश होतात. पण जपानमधल्या कुठल्याही न्यूरॉलॉजिस्टला विचारा, शिबिरे ऐकलं की तो पुढचा प्रश्न विचारल्याशिवाय राहत नाही. रुग्ण बधिरपणाला शिबिरे म्हणतो, मुंग्यांना शिबिरे म्हणतो, आणि काहीजण हातापायातली ताकद गेली तरी शिबिरेच म्हणतात. शेवटच्या अर्थाने कोणी खूण केली की वेदनेच्या खात्यात अशक्तपणा जमा होतो. उलट भाषांतरात हे दिसणार नाही, कारण तिथे दोन भाषांतरकार एकमेकांशी बोलत असतात, रुग्ण त्या खोलीतच नसतो. यावर उपाय म्हणजे ‘जिन्जिन’, ‘पिरिपिरि’ अशा नादशब्दांची जोड द्या. आपण ठणका, चमक, भगभग असं वेगवेगळं सांगतो, तसं जपानी माणूस या नादशब्दांनी नेमकं सांगतो. फॉर्ममध्ये असे शब्द पोरकट दिसतात अशी तक्रार येईल. येऊ द्या.

कधी जपानी इंग्रजीपेक्षा सरस ठरते, हे विसरू नका. उभं राहिल्यावर गरगरतं का, भोवळ येते का, हे इंग्रजीत तीन शब्द ओळीने लावून विचारावं लागतं. जपानीत ‘ताचिकुरामी’ म्हणजे उठून उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येणं, एका शब्दात विषय संपला. ‘मेमाइ’, म्हणजे नुसतं गरगरणं, वापरलंत तर कानाच्या दोषाने गरगरणाराही हो म्हणेल. तसंच अंथरुणात कूस बदलणं. इंग्रजीत ‘टर्निंग ओव्हर इन बेड’, जपानीत ‘नेगाएरी’. आपल्या ‘कूस बदलणं’सारखंच अगदी नेमकं, आणि त्यात पलंगही नाही न् गादीही नाही. असा शब्द मिळाला की मूळ इंग्रजीच्या शब्दसंख्येला चिकटून राहू नका.

पण आणखी एक प्रश्न आहे बेडवरून उठण्याचा. इथे जरा थांबायला हवं. जपानमध्ये आजही बरीच वयस्कर माणसं तातामीवर, म्हणजे जमिनीवरच्या चटयांवर, फुतोन ही गादी घालून झोपतात. जमिनीवरच्या फुतोनातून उठणं आणि गुडघ्याएवढ्या उंच पलंगावरून उठणं, यात कंपवाताच्या माणसाला किती फरक पडतो हे तुमच्या घरातल्या आजींनाही माहीत असेल. ‘बेद्दो’ लिहिलं तर फुतोनवाला म्हणेल, माझ्याकडे बेडच नाही, आणि शून्यावर खूण करेल. ‘फुतोन’ लिहिलं तर पलंगवाल्याची पंचाईत. ‘नेदोको’ असा शब्द आहे, थेट आपलं ‘अंथरूण’. तो घेतला की भाषेचा प्रश्न सुटतो. आकड्याचा मात्र सुटत नाही, कारण त्याच आजारात, त्याच टप्प्यावर, फुतोनवर झोपणारा पलंगवाल्यापेक्षा एका अंकाने वर जाऊ शकतो. माझा सल्ला असा की शब्द ‘नेदोको’ ठेवा, प्रश्न बदलू नका, आणि गुणांच्या बाहेर एक ओळ जोडून पलंग की फुतोन एवढंच नोंदवून घ्या. रुग्णाने सहा महिन्यांनी पलंग घेतला आणि गुण सुधारले, तर श्रेय औषधाला जायला नको.

जेवणाच्या प्रश्नात तुम्हाला वाटेल की आता चॉपस्टिक्स घालूया. एमडीएस-यूपीडीआरएसमध्ये काटे-चमच्यांच्या पंक्तीत त्या मुळातच आहेत. तिथली खरी अडचण वेगळी आहे. हात कापायला लागल्यावर माणूस गुपचूप चॉपस्टिक्स सोडून चमचा घेतो, आणि मग प्रामाणिकपणे लिहितो, ‘काही त्रास नाही’.

आता आंघोळ. हे जरा खोलात सांगते, कारण मी इथेच सगळ्यांत जास्त शिकले. एका वेगळ्या प्रश्नावलीचं काम होतं. स्वच्छतेच्या प्रश्नात आंघोळीसाठी आम्ही ‘न्यूयोकु’ हा शब्द घेतला होता. बरोबर शब्द, कोशातला, सभ्य. चाचणी-मुलाखतीत एका आजींनी ‘नेहमी मदत लागते’ वर गोल केला. हातांची चाल बघता ते पटेना. मी म्हटलं, काल आंघोळ कशी केलीत ते सांगा बरं. त्या म्हणाल्या, छोट्या स्टुलावर बसून केस धुतले, अंग चोळलं, पाणी घेतलं, सगळं माझं मीच. मग? मग टबाची कड ओलांडताना यजमान हात धरतात. जपानी आंघोळीत अंग धुणं आधी, बाहेर. गरम पाण्यात बुडून बसणं नंतर. ‘न्यूयोकु’ म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांसमोर तो टब आला, आणि स्वच्छतेचा प्रश्न तोल सांभाळण्याचा प्रश्न होऊन बसला. स्केलच्या मालकांना पत्र लिहिलं, की तुम्हाला नेमकं काय मोजायचंय? उत्तर आलं, स्वतःचं शरीर स्वच्छ ठेवता येतं का, एवढंच. मग ‘कारादा ओ आराउ’, अंग धुणं, असा साधा शब्द घेतला. आजी नेहमीच्या मदतीवरून ‘हळू होतं पण स्वतः करते’ वर आल्या. आजार तोच, हात तेच.

अशा प्रत्येक ठिकाणी स्केलच्या मालकांना विचारल्याशिवाय निर्णय घेऊ नका. ‘हा प्रश्न कशाचा आहे’ हे एका वाक्यात लिहून आणा, भाषांतर करण्याआधीच. याला संकल्पनांची यादी म्हणतात. ग्राहक ती देत नाहीत, मागून घ्यावी लागते.

शीर्षकातल्या आठवड्याकडे येते. ‘ओव्हर द पास्ट वीक’ हे शब्द अशा प्रश्नावल्यांत जागोजागी असतात. ‘सेन्शू’ म्हणजे मागचा आठवडा, कॅलेंडरवरचा. बुधवारी फॉर्म भरणारा रुग्ण मग गेल्या आठवड्याच्या वारांत जातो आणि कालचा, परवाचा त्रास सोडून देतो. हवं असतं ‘कोनो इश्शूकान’, आजपासून मागे मोजलेले सात दिवस. मराठीतही ‘मागच्या आठवड्यात’ आणि ‘गेल्या आठवडाभरात’ यांत हाच फरक आहे. आमच्या एका कामात ‘सेन्शू’ गेलं होतं, आणि ते मीच तपासून पुढे पाठवलं होतं, दुसऱ्या कोणावर ढकलता येत नाही. चूक सापडली तेव्हा फॉर्म छापून झाले होते. उलट भाषांतरात काय आलं होतं? ‘लास्ट वीक’. कोणाच्या भुवया उंचावल्या नाहीत.

श्रेणींच्या नावांवर फार डोकं आपटू नका. ‘स्लाइट’ आणि ‘माइल्ड’ यांना जपानीत स्वाभाविकपणे एकच ‘केइदो’ येतो, म्हणून पहिल्याला सहसा ‘गोकु केइदो’, अगदी सौम्य, असं करतात. मराठीत ‘किंचित’ आणि ‘सौम्य’ करताना हीच ओढाताण होते. वाचणाऱ्याला खरा आधार त्यापुढच्या वर्णनाचा असतो. एमडीएस-यूपीडीआरएसमध्ये १ म्हणजे लक्षण आहे पण कामात अडथळा नाही, २ म्हणजे थोडा अडथळा, ३ म्हणजे बराच अडथळा पण काम होतं, ४ म्हणजे होतच नाही. या पायऱ्या वर्णनात स्पष्ट उमटल्या की नाव काही का असेना.

बोलण्याच्या प्रश्नात मात्र वर्णनच घोटाळा करतं. तिथे श्रेणी ठरते ती समोरचा माणूस ‘पुन्हा सांगा’ किती वेळा म्हणतो यावर. जपानीत त्याला सुरेख क्रियापद आहे, ‘किकिकाएसु’. भाषा बिनचूक. पण वडीलधाऱ्याचं बोलणं कळलं नाही तरी मान डोलावून ‘हाइ, हाइ’ करत राहण्याची रीत तिथे पक्की आहे. मग रुग्णाला वाटतं आपलं सगळं ऐकू जातंय. प्रश्न बदलता येत नाही, पण बायकोने किंवा सुनेने भरलेला आणि स्वतः रुग्णाने भरलेला फॉर्म वेगळे ठेवून बघा. फरक दिसतो.

जुगाराचा प्रश्न. कंपवाताच्या काही औषधांनी माणसाला जुगार, खरेदी, खाणं यांची अनावर ओढ लागते, म्हणून स्केल ते विचारतं. इंग्रजीत उदाहरणं कॅसिनो आणि लॉटरीची. जपानमध्ये गल्लोगल्ली आहे ते पाचिन्को (छोट्या गोळ्यांचा यंत्रावरचा खेळ), आणि कायद्याच्या लेखी पाचिन्को जुगार नाही, करमणूक आहे. ‘ग्याम्बुरु करता का?’ ला ‘छे!’ म्हणणारा सद्गृहस्थ रोज दुपारी पाचिन्कोच्या दुकानात असू शकतो. हे उदाहरण घालण्याची परवानगी मागाच. उदाहरणं बदलणं हे प्रश्न बदलण्यापेक्षा मालकांना सहसा सोपं जातं.

डॉक्टरांनी करायच्या तपासणीत भाषांतर कमी आणि सूचना जास्त. बोटं टेकवण्याच्या तपासणीत तर्जनी अंगठ्यावर दहा वेळा, शक्य तितक्या वेगाने आणि शक्य तितकी मोठी उघडझाप करत आपटायला सांगतात. ‘वेगाने’ आणि ‘मोठी’ ही दोन्ही अंगं सांगितलीच पाहिजेत, नाहीतर रुग्ण एक सांभाळायला दुसरं सोडतो. बोलताना ‘हायाकु’ म्हणाल तर त्याचा अर्थ ‘जलद’ही होतो आणि ‘लवकर’ही. कागदावर कान्जी (चित्रलिपीतली खूण) वेगळी असते, कानाला ती दिसत नाही. लवकर म्हणजे लगेच सुरू करा, असं समजून घाईत बोटं आपटणारे मी पाहिलेत. ‘सुबायाकु’ म्हणा, प्रश्न मिटतो.

मागून खांदे ओढून तोल बघायची तपासणी तर शिष्टाचारानेच बिघडते. पहिली ओढ हलकी, समजावण्यापुरती, तिचे गुण नाहीत. पुढची अचानक आणि जोरात. एक-दोन पावलांत सावरला तर शून्य, तीन ते पाच पावलांना एक. आता जपानी नर्स काय किंवा आपली काय, ओढण्याच्या क्षणी ‘ओढते हं’ म्हटल्याशिवाय तिचा हात पुढे होत नाही! ‘हिकिमास् यो’ कानावर पडलं की रुग्ण अंग आवळतो आणि गुण चांगले येतात. सगळं समजावणं आधीच करायचं आणि त्या क्षणी गप्प राहायचं, हे सूचनापत्रात ठळक लिहा.

आणि चालण्याच्या तपासणीला चपला-स्लिपर काढायला लावा. किमान दहा मीटर चालताना टाच आधी टेकते का हे बघायचं असतं. सैल स्लिपर घालून धडधाकट माणूसही पाय घासतच चालतो.

दुसऱ्या काही आकड्यांची सावलीही तुमच्या आकड्यांवर पडते. जपानमध्ये कंपवात सरकारच्या ठरावीक दुर्धर आजारांच्या यादीत आहे. उपचारखर्चाला मदत मिळायची तर साधारणपणे होएन-यार (कंपवात किती पुढे गेलाय त्याची) श्रेणी ३ किंवा वर आणि दैनंदिन अडचणीची श्रेणी २ किंवा वर लागते. त्याखेरीज २००० सालापासूनच्या शुश्रूषा-विम्याच्या ‘योकाइगो’च्या (किती शुश्रूषा लागते त्याच्या) १ ते ५ पायऱ्या आहेत. म्हणजे तुमच्या समोरच्या आजोबांना ‘३’ हा आकडा आधीच ओळखीचा आहे, पैशांशी बांधलेला. कोणी तो कमी होईल म्हणून धास्तावतो. कोणी उलट, पाहुणा अधिकारी आला म्हणून ताठ बसून सगळं जमतं म्हणून दाखवतो आणि ‘ओकागेसामादे’, आपल्या कृपेने ठीक, म्हणतो. फॉर्मच्या पहिल्या परिच्छेदात लिहा की या उत्तरांचा कुठल्याही अर्जाशी संबंध नाही. मूळ इंग्रजीत हे वाक्य नसतं, तिथे त्याची गरज पडत नाही.

शेवटी संख्याशास्त्र. अधिकृत जपानी एमडीएस-यूपीडीआरएसमध्ये चारही भागांसाठी सीएफआय नावाचा, प्रश्नांची बांधणी मूळ इंग्रजीशी किती जुळते ते सांगणारा निर्देशांक ०.९३ किंवा त्याहून वर आला. पुरेसा मानायची रेघ होती ०.९०. मूळ इंग्रजी पडताळणी ८७७ रुग्णांवर झाली होती. याचा अर्थ, इंग्रजीत जे प्रश्न एकत्र हलतात तेच जपानीतही एकत्र हलतात. मोलाची गोष्ट आहे, पण ती काय सांगत नाही तेही बघा. समजा सगळ्याच फुतोनवाल्यांचे गुण एकेका अंकाने वर सरकले, किंवा ‘सेन्शू’ सगळ्यांनी सारखंच चुकीचं वाचलं, तरी प्रश्नांची आपापसातली गाठ तशीच राहू शकते. दोरीच्या गाठी जागच्या जागी आहेत, म्हणजे दोरीचं टोक शून्यावर ठेवलंय असं नाही. म्हणून मोठ्या पडताळणीआधीच्या छोट्या मुलाखतींना मी जास्त वजन देते. सगळे लोक देत नाहीत, खर्च दिसतो आणि निकाल आकड्यात मांडता येत नाही.

त्या मुलाखतींसाठी ५ ते ८ रुग्ण पुरतात, आयएसपीओआर या आरोग्य-संशोधन संस्थेच्या अशा भाषांतरांसाठीच्या २००५ च्या मार्गदर्शिकेतही एवढेच आहेत. पण ते जपानमध्ये राहणारे, त्याच आजाराचे हवेत. पुण्यातली ओळखीची जपानी मंडळी धडधाकट आणि तरुण असतात, त्यांना फॉर्म दाखवून ‘त्यांना समजलं’ असा शेरा मारू नका. वयं, शिक्षण, एकटं राहणारे, सुनेजवळ राहणारे, असं मिसळून घ्या. ‘समजलं का?’ विचारू नका, उत्तर ‘हाइ’च येणार. ‘तुमच्या शब्दांत सांगा’ म्हणा. आणि मुलाखत औषध चढलेलं असताना घ्या. ‘कुसुरि गा किरेरु’, गोळीचा असर उतरला, म्हणजे अर्ध्या वाक्यात शब्द सुचेनासे होतात, आणि दोष तुमच्या भाषांतराला लागतो.

उलट भाषांतराचा कागद फाइलला लावून ठेवा, नैतिकता समिती मागते. आणि पहिल्या रुग्णाला बाकी काही विचारायच्या आधी एवढंच विचारा: ‘तुम्ही उत्तर दिलंत ते कुठल्या वारापासून कुठल्या वारापर्यंतचं?’